सातपैकी सहा अ‍ॅप्स आजच काढून टाक

पत्र :

ताई, मी ३६ वर्षांची, डोंबिवलीला राहते, घाटकोपरला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. मुलगा दुसरीत. हेल्थ चेकअपमध्ये एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची टेस्ट) ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले औषध आत्ता नको पण चाला, झोप नीट घ्या, वजन पाच-सहा किलो उतरवा. मी लगेच उत्साहात सात अ‍ॅप्स टाकली. स्टेप्सचं, पाण्याचं, कॅलरीचं, मेडिटेशनचं (त्याचे वर्षाचे पैसे भरले), इंग्लिशचं, एक हॅबिट ट्रॅकर, आणि एक पोमोडोरो टायमर कारण मला अ‍ॅडव्हान्स एक्सेल शिकायचंय. ट्रॅकरवर ४१ दिवसांची स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची मोजणी, झाली होती. मग मुलाला ताप आला, तीन दिवस काहीच जमलं नाही, स्ट्रीक शून्यावर आली आणि इतकं वाईट वाटलं की मी सगळंच सोडलं. आता रात्री एक वाजेपर्यंत रील्स बघते आणि सकाळी साडेपाचला उठते. नवरा म्हणतो तुझं सगळं डाउनलोड करण्यापुरतंच असतं. माझ्यात विल पॉवरच नाहीये का? नक्की कुठलं अ‍ॅप चांगलं ते सांग, पैसे भरायची पण तयारी आहे. आणि मेडिटेशनवाल्याचे पैसे पुढच्या महिन्यात परत कट होतील का? ते अ‍ॅप तर मी कधीच डिलीट केलंय.

उत्तर :

अगं, आधी ते विल पॉवरचं बोलू. नोकरी, रोजची लोकल, घर, दुसरीतलं पोर हे सगळं सांभाळून तू ४१ दिवस सात-सात गोष्टींवर टिक करत राहिलीस, आणि पोराला ताप आल्यावर फोन बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसलीस, यात मला तुझं कमी पडलेलं काहीच दिसत नाही. बिघडलं ते त्यानंतर. चौथ्या दिवशी तू अ‍ॅप उघडलंस आणि त्याने तुला मोठ्ठा शून्य दाखवला, आणि तुला वाटलं की आपण खरंच शून्यावर आलो. तसं झालेलंच नव्हतं गं. ४१ दिवस चाललेले पाय तीन दिवसांत विसरत नाहीत.

आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एकच गोष्ट निवडायची, खाण्याची, पिण्याची नाहीतर व्यायामाची, आणि ती रोज एकाच ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायची, म्हणजे नाश्त्यानंतर, जेवणाआधी अशी, असं १२ आठवडे. ती गोष्ट विचार न करता आपोआप व्हायला लागायला मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा, पण कोणाला १८ दिवसच पुरले आणि कोणाचा गणिताने काढलेला अंदाज पार २५४ दिवसांपर्यंत गेला. जेवताना ग्लासभर पाणी प्यायची सवय पटकन लागते, व्यायामाची लागायला खूप वेळ जातो, हे तर आपल्यालाही पटतं. पण तुझ्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट ही की मधे एखादा दिवस चुकला तर त्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आता तुझे तीन दिवस होते हे खरं, आणि आठवडेच्या आठवडे गेले तर गोष्ट वेगळी होते हेही खरं, पण तीन दिवसांच्या तापाने सगळं पुसलं गेलं असं म्हणायला काहीच आधार नाही.

ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, तेही सोडून दे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला स्वतःचा नवा चेहरा आपलासा वाटायला कमीत कमी २१ दिवस जातात. ते चेहऱ्याच्या ऑपरेशनबद्दल होतं. त्याचं पुढे लोकांनी व्यायाम, अभ्यास, सिगारेट सगळ्याला लागू होणारा नियम करून टाकला, आणि मग बाविसाव्या दिवशी उठायचा कंटाळा आला की माणूस स्वतःला दोष देत बसतो.

स्ट्रीक का असते ते समजून घे. तू रोज अ‍ॅप उघडावंस हे अ‍ॅपवाल्यांना हवं असतं, त्यांचा धंदा त्यावर चालतो, आणि जमवलेलं गमवायची भीती माणसाला रोज परत आणते. सुरुवातीला त्याचा उपयोग होतो, मी नाही म्हणत नाही, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो वाढता आकडा बघून हुरूप येतो. पण जेवढा आकडा मोठा तेवढं तुटल्यावर जास्त लागतं, आणि ज्या बाईच्या घरात लहान मूल आहे, सासरच्या-माहेरच्या कार्यांना जावं लागतं, मार्च एण्डला ऑफिसात आठ-नऊ वाजतात, तिची स्ट्रीक तुटणारच आहे. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी तर स्वतःच स्ट्रीक फ्रीझ नावाची सोय दिलीये, एखादा दिवस चुकला तरी स्ट्रीक वाचते, म्हणजे रोजच्या रोज कोणालाच जमत नाही हे बनवणाऱ्यांनाही माहितीये. आपल्याकडे कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतात बघ, गावाला गेलो की दोन दिवस खाडा लिहितो, महिन्याच्या शेवटी हिशोब करतो आणि एक तारखेपासून दूध परत चालू असतं, खाडा झाला म्हणून कोणी दूध बंद करत नाही. तुला नोंद हवीये ती अशी.

आता अ‍ॅपचं. तू विचारलंयस कुठलं चांगलं, पण मला आधी हे विचारायचंय की कुठल्या कामाला. कारण अ‍ॅपला फक्त दोन गोष्टी येतात, आठवण करणं आणि नोंद ठेवणं. वेळ काढून देणं, दमलेलं अंग उठवणं, भांडी कोण घासणार ते ठरवणं, यातलं काहीच त्याला येत नाही. तुझ्या सातही अ‍ॅप्सनी तुला आठवण केली, दिवसभर टिंगटिंग करत राहिली असतील, पण तुझ्या दिवसात त्या सात गोष्टींना जागा कुठे होती? सकाळी साडेपाच ते रात्री दहापर्यंत तुझा दिवस आधीच भरलेला आहे. त्यात सात गोष्टी घुसवायला गेलीस आणि ते ४१ दिवस चाललं हेच नवल.

म्हणून एकच गोष्ट घे. आणि ती कुठली हे मी ठरवून सांगते, कारण डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. तुझं एचबीए१सी ६.१ आहे म्हणजे ५.७ ते ६.४ ची जी डायबेटिसच्या आधीची पायरी धरतात त्यात तू आहेस, आणि या पायरीवरून मागे येता येतं, चालणं, वजन आणि झोप हीच त्याची औषधं. तर रात्रीच्या जेवणानंतर शतपावली, १५ ते २० मिनिटं, बस. जेवल्यावर रक्तात साखर चढते तेव्हाच पायाचे स्नायू हलत असले की ते ती साखर वापरून टाकतात, म्हणून जेवणानंतरचं थोडंसं चालणंसुद्धा तुझ्या कामाचं आहे. सकाळच्या मॉर्निंग वॉकच्या नादाला आत्ता लागू नकोस. साडेपाचला उठून डबे करणाऱ्या बाईला पाचला उठून चाल सांगणं म्हणजे तिची झोप कापणं, आणि झोपच तर तुला कमी पडतेय.

वेळ घड्याळाची ठरवू नकोस, प्रसंगाची ठरव. म्हणजे ‘नऊ वाजता चालेन’ असं नको, कारण एखाद्या दिवशी लोकल लेट, जेवायलाच साडेनऊ होतात आणि मग तो दिवस गेला असं वाटतं. त्यापेक्षा ‘ताट सिंकमध्ये ठेवलं की चप्पल घालायची’ असं ठरव. हे ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं आधीच पक्कं करून ठेवण्यावर पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने खूप काम केलंय, २००६ मध्ये त्याने आणि पास्कल शीरनने मिळून ९४ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला तेव्हा नुसतं ‘मी करणार’ म्हणणाऱ्यांपेक्षा असं ठरवणाऱ्यांकडून गोष्टी बऱ्याच जास्त पार पडल्या. ताट ठेवणं रोज होतंच, त्यासाठी तुला अलार्म लागत नाही, लोकल लेट झाली तरी ते होतं. चप्पल दाराशीच ठेव, गच्चीची किल्ली लागत असेल तर ती तिथेच अडकवून ठेव, आणि पावसाळ्यात गच्ची ओली असेल तर सोसायटीचं पार्किंग नाहीतर मजल्यावरचा पॅसेज, तेही नसेल तर घरातल्या घरात हॉल ते बेडरूम, लाजायचं काही कारण नाही.

आता खरी अडचण. तू ताट ठेवून चप्पल घातलीस तर ओटा कोण आवरणार? उरलेलं काढून फ्रिजमध्ये कोण ठेवणार, उद्याची भाजी कोण निवडणार, पोराचं दप्तर कोण भरणार? याच्यावर तुझ्या पत्रात एक ओळ नाही, आणि मला वाटतं सगळं याच्यावरच अडलंय. सरकारने २०१९ मध्ये देशभर लोकांचा वेळ कशात जातो याचा सर्व्हे केला होता, त्यात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. आणि हे जे करतात त्यांच्यातलं, त्या दिवशी घरकामाला हात लावलेले पुरुष तर चारात एकच्या आसपास होते. या २९९ मिनिटांतून २० मिनिटं कोणीतरी उचलल्याशिवाय तुझी शतपावली उभी राहणार नाही, मग फोनमध्ये जगातलं सगळ्यात महागडं अ‍ॅप का असेना.

तेव्हा नवऱ्याशी बोल. भांडू नकोस, टोमण्याला टोमणा पण नको. रिपोर्ट हातात घेऊन बस आणि सांग की हे ६.१ आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, मला जेवणानंतर २० मिनिटं हवीत, तेवढ्या वेळात ओटा आणि दप्तर तुमच्याकडे. अगदी नेमकं काम सांग, ‘थोडी मदत करा’ म्हटलं की कोणालाच कळत नाही काय करायचं आणि मग परत तूच करतेस. पहिले काही दिवस ओटा तुझ्यासारखा पुसला जाणार नाही, तो परत पुसायला जाऊ नकोस हं, हे फार महत्त्वाचं आहे. आणि तो म्हणाला की मीही येतो चालायला, तर उत्तमच, मग जेवायच्या आधीच दोघांनी मिळून अर्धं आवरून घ्या आणि पोरालाही घेऊन तिघं जा. ‘तुझं डाउनलोड करण्यापुरतंच’ या वाक्याचं मला वाईट वाटलं. त्याला कदाचित गंमत वाटली असेल, पण तू ते पत्रात लिहिलंयस म्हणजे ते तुला लागलंय, आणि हे त्याला एकदा शांतपणे सांगायला हरकत नाही.

बरं, आता नोंदीसाठी अ‍ॅप. तुझा फोन अ‍ॅण्ड्रॉइड असेल तर लूप हॅबिट ट्रॅकर टाक, फुकट आहे, जाहिराती नाहीत, अकाउंट काढावं लागत नाही, माहिती तुझ्या फोनमध्येच राहते. मला ते आवडतं त्याचं कारण वेगळं आहे. त्यात सवय किती पक्की झालीये याचा एक स्कोअर असतो, रोज केलं की तो हळूहळू चढतो, एखादा दिवस चुकला की थोडासा उतरतो, धाडकन शून्यावर येत नाही. म्हणजे तुझे ४१ दिवस झाले असते आणि तीन चुकले असते तर स्कोअर जरा खाली आला असता आणि चौथ्या दिवसापासून परत चढायला लागला असता. शिवाय सेटिंगमध्ये स्किपची सोय चालू करता येते, आजारपण, प्रवास, घरात कार्य असलं की त्या दिवशी स्किप लावायचं, स्कोअर आहे तिथेच राहतो. त्यात ‘आठवड्यातून पाच वेळा’ असंही ठरवता येतं, तू तेच ठेव, रोज नको. लांबलचक स्ट्रीकचा आलेख त्यातही खाली कुठेतरी दिसतो, तिकडे बघायचं नाही. आयफोन असेल तर वेगळं काही घ्यायची गरज नाही, त्यातलं रिमाइंडर्स पुरे. आणि फोन नकोच वाटला तर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेनने टिक कर, माझ्या मते ते कुठल्याही अ‍ॅपइतकंच चांगलं, उलट घरातल्या सगळ्यांना दिसतं.

एक छोटी तांत्रिक गोष्ट, यात बऱ्याच जणांचं फसतं. काही फोन बॅटरी वाचवायला मागे चालू असलेली अ‍ॅप्स बंद करून टाकतात आणि मग रिमाइंडर येतच नाही, आपल्याला वाटतं आपणच विसरलो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात ते अ‍ॅप, त्यात बॅटरी, तिथे अनरिस्ट्रिक्टेड करून ठेव. आणि नवीन अ‍ॅप कॉन्टॅक्ट्स किंवा लोकेशन मागत असेल तर विचार कर, सवयीवर टिक करायला त्याला तुझ्या मावशीचा नंबर कशाला हवा?

पावलं मोजायचं अ‍ॅप मी का काढायला सांगतेय ते सांगते, कारण ते काढताना तुला वाईट वाटेल. पहिलं म्हणजे ते १०,००० चं टार्गेट. १९६५ च्या सुमारास, टोकियो ऑलिंपिकनंतर, जपानच्या यामासा कंपनीने १०,००० पावलांच्या नावाने पेडोमीटर विकायला काढला, तिथून हा आकडा जगभर गेला, तो काही कुठल्या वैद्यकीय संशोधनातून निघालेला नव्हता. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ बायकांचा अभ्यास केला, त्यात दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्या बायकांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. त्या बायका तुझ्या दुप्पट वयाच्या, त्यामुळे तो आकडा तुझ्यासाठी जसाच्या तसा घेऊ नको, पण ९,२०० झाले आणि दिवस वाया गेला असं रडायचं काहीच कारण नाही एवढं तरी त्यातून कळतं.

आणि दुसरं, जे कोणी सांगत नाही, फोन अंगावर असला तरच पावलं मोजतो. आपल्या गाऊनला खिसा नसतो, बऱ्याच ड्रेसना नसतो, घरात फोन ओट्यावर नाहीतर चार्जिंगला असतो आणि आपण किचन, बाल्कनी, बाथरूम, परत किचन करत फिरत असतो, त्यातलं एकही पाऊल त्याच्या हिशोबात नाही. लोकलमध्ये पर्स खांद्यावर हलत असते ते मात्र कधीकधी तो चालणं धरतो. अशा आकड्यावरून स्वतःला मार्क देणं बंद कर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं-बिलणं करायला सांगते. तुझी रात्रीची २० मिनिटं आठवड्यातून पाच वेळा झाली की १००, आणि स्टेशनला जाताना जर रिक्षाऐवजी झपझप चालत जात असशील तर बाकीची त्यातच भरतात. हे हिशोब बोटांवर होतात, अ‍ॅप लागत नाही.

झोपेचं मात्र फोनमध्येच करावं लागेल, कारण तिथे चोर फोनच आहे. रात्री एक ते साडेपाच म्हणजे साडेचार तास झोप, याच्यावर कुठलीच चांगली सवय टिकणार नाही, आणि कमी झोपेने भूक आणि साखर दोन्ही बिघडतात. पण रील्स बघतेस म्हणून मी तुला रागावणार नाही. दिवसभरात तो एकच वेळ आहे जेव्हा कोणी तुला हाक मारत नाही, तो वेळ संपूच नये असं वाटतं, हे मला कळतं. म्हणून ते पूर्ण बंद करू नकोस, त्याला दार लाव. अ‍ॅण्ड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग म्हणून असतं, २०१८ पासून आलंय, त्यात इन्स्टाग्रामला आणि यूट्यूबला दिवसाला ४० मिनिटांचा टायमर लाव, वेळ संपली की ते अ‍ॅप मध्यरात्रीपर्यंत बंद होतं. तिथेच बेडटाइम मोड असतो, साडेदहाला स्क्रीन काळी-पांढरी आणि नोटिफिकेशन बंद, रंग गेले की रील्समधली अर्धी मजा जाते. आयफोनला असा टायमर स्क्रीन टाइममध्ये मिळेल. पण टायमर आपणच लावलेला असतो आणि आपणच काढू शकतो, म्हणून त्याच्यावर एकट्यावर विसंबू नकोस. फोन हॉलमध्ये चार्जिंगला लाव, साडेपाचसाठी साधं गजराचं घड्याळ आण, दोन-तीनशे रुपयांत मिळतं. उशाशी फोन नसणं हे सगळ्या सेटिंगपेक्षा जास्त काम करतं असं माझं मत आहे. आणि एकदम एकवरून साडेदहावर जायचा हट्ट नको, या आठवड्यात साडेबारा, पुढच्या आठवड्यात बारा, असं येत ये. लूपमध्ये हे लगेच टाकू नकोस, शतपावली जरा अंगवळणी पडू दे, तोपर्यंत झोपेचं फक्त फोनच्या जागेवर सोपव.

बाकीची पटकन. पाण्याचं अ‍ॅप काढ, आठ ग्लासच्या नियमाला शास्त्रीय पुरावा सापडत नाही असं हाइन्झ व्हाल्टिन नावाच्या किडनीच्या अभ्यासकाने २००२ मध्येच तपासून लिहिलंय, तहान लागली की पी, बाटली डेस्कवर ठेव, उन्हाळ्यात जरा जास्त. लोकलच्या प्रवासात बाथरूमची पंचाईत म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, ते मात्र करू नकोस. इंग्लिशचंही आत्ता काढ, ते कुठे पळून जात नाही. कॅलरीचं आत्ता नको. हेल्थिफायमीसारख्या आपल्याकडच्या अ‍ॅपमध्ये पोहे, आमटी, भाकरी सगळं सापडतं, पण तुझी वाटी केवढी आणि फोडणीला तेल किती हे त्याला कुठे माहिती, आणि सगळ्या घराच्या स्वयंपाकात रोज ते मोजत बसणं हे एक वेगळं कामच होतं. वजनासाठी काय खायचं ते डॉक्टरांना नाहीतर आहारतज्ज्ञांना एकदा नीट विचारून घे, रिपोर्ट दाखवून.

एक्सेल मला मनापासून वाटतं की तू शिकावंस, प्रमोशनला त्याचा उपयोग होईल, पण रोज रात्री दहानंतर एक्सेल होणार नाही, दमलेल्या डोक्यात पिव्हट टेबल शिरत नाही. तुझा मुलगा शनिवारी-रविवारी ड्रॉइंगला किंवा कराटेला वगैरे जात असेल आणि तू तासभर बाहेर थांबत असशील, तर तो तास घे, नसेल तर रविवार सकाळचा एक तास नवऱ्याकडे मागून घे. तिथे तुझा पोमोडोरो टायमर उपयोगी आहे, सातपैकी हाच एक ठेव. फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या इटालियन मुलाने १९८० च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात असताना स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर ही पद्धत सुरू केली, २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, तासात दोन फेऱ्या बसतात. पहिल्या फेरीत एक फॉर्म्युला बघायचा, दुसरीत ऑफिसच्या खऱ्याखुऱ्या शीटवर तो वापरून बघायचा, नुसते व्हिडिओ बघत राहिलीस तर काही हाताला लागणार नाही. फोन त्या वेळेत पर्समध्ये.

चुकले दिवस तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेव, कारण ते येणारच आहेत. पोर आजारी पडलं तर स्किप, त्यावर एक मिनिटही विचार नको. नुसता कंटाळा आला तर पाच मिनिटं, चप्पल घालून खाली जाऊन परत ये, टिक कर, तीही धरायची. आणि सलग आठवडाभर गेला तर अ‍ॅप डिलीट करायच्या आधी बघ की काय बदललंय, जेवणाची वेळ सरकलीये का, ओट्याचं काम परत तुझ्याकडे आलंय का, पाऊस लागलाय का. बहुतेक वेळा असलंच काहीतरी सापडतं आणि ते दुरुस्त करता येतं. तीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून एचबीए१सी परत कर, त्या टेस्टमध्ये साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दिसते, त्यामुळे त्याच्या आधी करून उपयोग नाही आणि पहिल्याच वेळी ते ५.७ च्या खाली यायलाच पाहिजे असंही धरून बसू नकोस.

आता मेडिटेशनच्या पैशांचं, हे वाचून झालं की लगेच कर. अ‍ॅप डिलीट केलं म्हणून सबस्क्रिप्शन बंद होत नाही, पैसे कट होतच राहतात. प्ले स्टोअर उघड, वर उजवीकडे तुझ्या फोटोवर टॅप कर, पेमेंट्स अ‍ॅण्ड सबस्क्रिप्शन्समध्ये जा, तिथे ते अ‍ॅप दिसेल, कॅन्सल कर. आधी भरलेल्या वर्षाची मुदत संपेपर्यंत ते चालू राहतं, मधेच जात नाही, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट बघायची गरज नाही. तिथे दिसलं नाही तर तू बहुतेक अ‍ॅपमधून थेट कार्डने नाहीतर यूपीआयने भरले असतील, मग ज्या यूपीआय अ‍ॅपने भरलेस त्यात ऑटोपे म्हणून असतं तिथे जाऊन मॅण्डेट (पैसे कापायला दिलेली परवानगी) रद्द कर, कार्ड असेल तर बँकेच्या साइटवर स्टँडिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये बघ. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापायच्या निदान २४ तास आधी तुला मेसेज यायला हवा, तेव्हा पुढचा महिनाभर बँकेचे एसएमएस न वाचता डिलीट करू नकोस.